तुरटी, रंग आणि धोतराची गाठ

आमच्या प्रयोगशाळेच्या खिडकीत ऊन येईल अशा जागी काचेची एक मोठी बाटली ठेवलेली असे. तोंडाला कापसाचा बोळा, आत काळपट लाल पाणी. १९७९ साली परळच्या एका रुग्णालयात हिस्टोपॅथॉलॉजीची तंत्रज्ञ म्हणून मी रुजू झाले, तेव्हा पहिल्याच दिवशी मला बजावण्यात आलं की त्या बाटलीला हात लावायचा नाही. आत एर्लिखच्या कृतीचं हिमॅटॉक्सिलीन मुरत होतं. लोणचं मुरावं तसं, चांगलं दीड-दोन महिने.

हिमॅटॉक्सिलीन हा झाडाचा रंग. मेक्सिकोतल्या कँपेचेकडच्या लॉगवूडच्या झाडाचा गाभा उकळून तो काढतात. युरोपातले रंगारी पिढ्यान्‌पिढ्या त्यात लोकर आणि कापड रंगवत आले होते. नुसता रंग धाग्याला धरत नाही, त्याला तुरटी लागते. आपल्याकडे मंजिष्ठेचा लाल रंग पक्का करायलाही तुरटीच वापरत. १८५८ साली बर्लिनमध्ये रुडॉल्फ फिर्खो यांनी सांगितलं की रोगाचं मूळ पेशीत शोधायला हवं. पण पेशी तर काचेसारखी पारदर्शक. ती नीट दिसणार कशी? १८६५ साली ब्योमर यांनी हिमॅटॉक्सिलीनमध्ये तुरटी मिसळली आणि पेशीचं केंद्रक निळं-जांभळं उठून दिसू लागलं. पुढे त्याला इओसीनची गुलाबी जोड मिळाली. आज जगभरात कॅन्सरचं निदान मुख्यतः याच दोन रंगांवर होतं, आणि त्यातला एक रंगाऱ्याच्या हंड्यातून आलेला आहे. माझ्या कामाविषयी मला सर्वांत अभिमान वाटतो तो या नात्याचा.

तुकडा टिकवायला फॉर्मलिन वापरणं त्यानंतरचं. १८९३ साली फर्डिनांड ब्लुम हे जर्मन डॉक्टर जंतू मारण्यासाठी ते वापरून बघत होते. काम करता करता त्यांच्या बोटांची कातडी कडक झाली, आणि त्यांच्या लक्षात आलं की याने मांसाचा तुकडाही कडक होईल, सडणार नाही. आमच्या बोटांचीही तीच गत होई. हातमोजे अपुरे असत, आणि भाकरी थापताना बोटांची टोकं बधिर वाटत.

रुग्णाच्या शरीरातून तपासणीसाठी काढलेल्या तुकड्याला आम्ही ‘पीस’ म्हणायचो. पीस एक दिवस फॉर्मलिनमध्ये, मग चढत्या अल्कोहोलमध्ये, मग झायलीनमध्ये, मग वितळलेल्या मेणात. पितळेचे इंग्रजी एल आकाराचे दोन तुकडे जुळवून साचा करायचा, त्यात मेण ओतायचं आणि चिमट्याने पीस आडवा-उभा बघून बसवायचा. इथे चुकलं तर पुढे सगळंच चुकतं. मेण थिजलं की ब्लॉक तयार. मग मायक्रोटोम, म्हणजे पातळ काप काढायचं यंत्र. तेव्हा फेकून द्यायची पाती नव्हती. वीतभर लांबीची जड पोलादी सुरी आम्ही दगडावर घासायचो आणि चामड्याच्या पट्ट्यावर परजायचो. चार-पाच मायक्रॉनचा काप काढायचा. माणसाचा केस त्याच्या दहापट तरी जाड असतो. काप एकमेकांना चिकटून रिबन निघे. ती कोमट पाण्यावर सोडली की सुरकुत्या उलगडत, आणि अंड्याचा पांढरा बलक नि ग्लिसरीन लावलेल्या काचेवर ती अलगद उचलून घ्यायची. जून महिन्यात दमट हवेत मेण मऊ पडे, रिबन गोळा होई. मग ब्लॉक बर्फावर ठेवून पुन्हा पहिल्यापासून.

मला शिकवणाऱ्या ज्येष्ठ तंत्रज्ञांना आम्ही सगळे काका म्हणायचो. सुरी परजताना ते डॉ. वसंत रामजी खानोलकरांच्या गोष्टी सांगत. खानोलकर १९७८ साली वारले, माझ्या नोकरीच्या आदल्या वर्षी. मी त्यांना पाहिलं नाही. पण माझ्या कामाला अर्थ दिला तो त्यांनीच.

ते १९२३ साली लंडन विद्यापीठाचे पॅथॉलॉजीतले एम.डी. झाले. मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज आणि जी. एस. मेडिकल कॉलेजात त्यांनी शिकवलं. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू झालं आणि तिथल्या प्रयोगशाळांची सूत्रं त्यांच्याकडे आली. १९४४ साली त्यांनी मुंबईतल्या तोंडाच्या कॅन्सरच्या सलग १,००० रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. १९४५ साली खानोलकर आणि सूर्याबाई या दोघांच्या नावाने एक लेख आला. त्याचा विषय चालीरीती आणि कॅन्सर हा होता, आणि त्यात भारतातले तीन नवे प्रकार मांडले होते.

पहिला धोतराचा. कमरेला एकाच जागी वर्षानुवर्षं करकचून बांधलेलं धोतर घासतं, घाम मुरतो, कातडी आधी पांढुरकी, मग जाड, खवलेदार होते, आणि काहींच्या बाबतीत तिथेच कॅन्सर धरतो. परकराच्या नाडीने बायकांनाही हे होतं, हे पुढे डॉक्टरांनी नोंदवलं. दुसरा चुट्ट्याचा. विशाखापट्टणम भागात चुट्टा नावाची जाड विडी पेटतं टोक तोंडात धरून ओढतात, म्हणून तिथे कॅन्सर टाळूला होतो. तिसरा खैनीचा. बिहारकडे तंबाखू-चुना मळून खालचा ओठ आणि हिरडी यांच्यामधल्या खोबणीत ठेवतात, आणि गाठ नेमकी तिथेच येते.

हे तिन्ही कॅन्सर सूक्ष्मदर्शकाखाली एकाच जातीचे दिसतात, चपट्या पेशींचे. नुसती स्लाइड पाहून ‘धोतर’ किंवा ‘चुट्टा’ हे कुणालाही सांगता येणार नाही. तसं सांगता आलं, कारण खानोलकरांनी स्लाइडबरोबर माणूसही पाहिला: तो कुठला, नेसतो काय, ओढतो काय, बार भरतो तो कोणत्या गालात. रोग काय आहे हे स्लाइड सांगते. तो का झाला याचं उत्तर त्या माणसाच्या दिवसात असतं, आणि ते प्रयोगशाळेपर्यंत पोचतं फक्त पीसबरोबरच्या फॉर्मवरून.

आणि तो फॉर्मच कोरा येतो. तेहतीस वर्षं मी हे पाहिलं. एका शुक्रवारी संध्याकाळी बाहेरच्या एका छोट्या दवाखान्यातून गालाचा तुकडा आला. फॉर्मवर नाव, वय आणि ‘बायोप्सी’ एवढाच शब्द. बाटलीत फॉर्मलिनऐवजी सलाइन, मिठाचं पाणी. सोमवारी मी बाटली उघडली तेव्हा पीस सडलेला होता. तरी मी ब्लॉक केला, कापला, रंगवला. काचेवर केंद्रकाचा पत्ता नव्हता, सगळीकडे फिकट गुलाबी चिखल. त्या बाईंच्या गालाचा तुकडा पुन्हा काढावा लागला. रिपोर्ट न्यायला त्या आल्या तेव्हा दातांना मिश्री लावल्याचा काळा रंग मला दिसला. किती वर्षं लावता, हे त्यांना तोवर कुणी विचारलंच नव्हतं.

आता खिडकीत बाटली नाही. रंग तयार येतो, पीस रात्रभर यंत्रात फिरतो, पाती वापरून फेकतात. पण आपल्याकडे अजूनही ऑपरेशन थिएटरच्या दारात नातेवाइकाच्या हाती बाटली देऊन ‘लॅबमध्ये नेऊन द्या’ असं सांगतात. तुमच्यावर ती वेळ आली तर तिथेच थांबून विचारा, यात फॉर्मलिन आहे ना? ते तुकड्याच्या दहापट तरी हवं. (टीबीच्या कल्चरचा पीस वेगळा, तो सलाइनमध्येच जातो, तसं असेल तर ते सांगतील.) मग फॉर्म वाचा. तुकडा कुठून काढला, डावीकडून की उजवीकडून, रुग्णाचं काम काय, तंबाखू, मिश्री, विडी किती वर्षं, हे त्यावर नसेल तर डॉक्टरांना लिहायला सांगा. त्यांना घाई असेल तर तुम्ही सांगा, ते लिहितील.