‘ऑरेंज’ : रंग, रुचि आणि नांव

इंग्रजींत ‘ऑरेंज’ हें विशेषण दोन कामें करतें. साडीला लाविलें तर रंग समजावा, जेलीला लाविलें तर रुचि. मराठींत हीं कामें वांटलेलीं आहेत; साडी नारिंगी, पण गोळी संत्र्याची. या बाबतींत आमची भाषा अधिक चोख आहे असें आम्हांस वाटतें. तथापि आमचे विद्यार्थी हल्लीं सर्रास ‘ऑरेंज कलर’ म्हणतात, आणि भाषाशुद्धीचे कैवारी त्यावर रागावतात. त्या रागाची थोडी झडती घ्यावी, असें आमच्या मनांत आहे.

हा शब्द मूळचा इकडचाच. मल्याळींत लिंबाच्या जातीच्या फळांस अद्यापि ‘नारङ्ङ’ म्हणतात. अशाच एखाद्या द्राविडी शब्दापासून संस्कृत ‘नारंग’ निघाला, असें बहुतेक पंडित मानतात. पुढें तो फारशींत ‘नारंग’ व अरबींत ‘नारंज’ झाला, आणि अरबांबरोबर फळ व नांव दोन्हीं स्पेनमध्यें पोंचलीं. तें फळ आंबट-कडू होतें. गोड जात युरोपांत मागाहून आली. इटली व फ्रान्स या देशांत आरंभींचा नकार गळाला. तेथील ‘एक’ या अर्थाच्या उपपदाच्या शेवटींही नकारच. दोहोंपैकीं एक अनाथ झाला! शिवाय फ्रेंचांत ‘ओर’ म्हणजे सोनें; तेंही या पिवळ्याधमक फळाच्या नांवांत येऊन बसलें.

इंग्रजींत फळ आधीं आलें, रंगाचें नांव मागाहून, म्हणजे सोळाव्या शतकाच्या आरंभीं. तत्पूर्वीं ‘पिवळा-तांबडा’ अशा जोडशब्दावर भागत असे. चॉसर (मृत्यु १४००) कोल्ह्याचें वर्णन करतांना पिवळा व तांबडा यांच्या मधला रंग, असेंच सांगतो. रॉबिन पक्ष्याची छाती उघड नारिंगी. पण त्याचें बारसें आधींच झाल्यामुळें तो ‘तांबड्या छातीचा’ च राहिला. त्या लोकांस हा रंग दिसतच नव्हता, असें अनुमान मात्र कोणी काढूं नये. डोळ्यांस नांवाची गरज नसते. कापड मागणाऱ्यास असते, आणि रंग या अर्थीं हा शब्द प्रथम कापडाच्याच संदर्भांत आढळतो. न्यूटननें १७०४ सालच्या आपल्या ‘ऑप्टिक्स’ ग्रंथांत त्यास सप्तरंगांत जागा दिली.

फ्रान्समधील ऑरेंज गांवाचा या फळाशीं मुळींच संबंध नाहीं. त्याचें रोमन नांव अराउसियो. पण त्या गांवावरून ओळखल्या जाणाऱ्या घराण्यांतील तिसरा विल्यम १६८९ सालीं इंग्लंडच्या गादीवर आला, आणि केवळ उच्चारसाम्यामुळें हा रंग आयर्लंडमधील प्रॉटेस्टंट पक्षाचें निशाण झाला. १७९५ सालीं तेथें ‘ऑरेंज’ नांवाची संघटनाच निघाली. एका फळाच्या नांवावर केवढा हा भार!

आतां ‘ऑरेंज’ परका आणि ‘संत्रें’ घरचें, असें म्हणणारांची पंचाईत पाहा. कित्येक पंडित ‘संत्रें’ पोर्तुगालांतील सिंत्रा गांवावरून आलें असें सांगतात. बाबराच्या (मृत्यु १५३०) आत्मचरित्रांत हिंदुस्थानांतील फळांमध्यें ‘संगतरा’ आहे. म्हणून ही व्युत्पत्ति आम्हांस सहज गिळवत नाहीं. मोसंबीनें मात्र मोझांबिकचें नांव उघडपणें धारण केलें आहे, आणि तिच्यावर अद्याप कोणीही रागावलेलें आम्हीं ऐकिलें नाहीं.