गिरणीची खातेवही आणि कामगाराचा हात

कामगाराच्या जिवाची काळजी वाहिली म्हणजे धंद्याचा नफा घटतो, ही समजूत फार जुनी आहे. ती कितपत खरी, हे पाहण्यासाठी आम्ही श्रोत्यांना दोन शहरांत नेणार आहोत.

१ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली. भोंग्याची सवय नसलेली माणसे वारंवार गैरहजर राहत. टाटांनी गिरणीत हवा खेळती ठेवण्याची सोय केली, ओलावा राखणारी यंत्रे आणि आग विझविणारे फवारे बसविले. पुढे निर्वाहनिधी व अपघाताची भरपाईही आली. ओलाव्याने सूत कमी तुटते, फवाऱ्याने माल वाचतो आणि टिकून राहिलेल्या कामगाराचा हात कामात बसतो. गिरणी भरभराटली.

मुंबईत मात्र निराळे घडले. १८८१ चा कारखाने कायदा हा मँचेस्टरचा डाव आहे, असा मालकांचा आक्षेप होता. तो अगदीच निराधार नव्हता. पण पट्ट्यात सापडलेला हात त्याने परत येत नव्हता. कायद्याने सात वर्षांच्या मुलालाही नऊ तास कामावर ठेवता येई. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज केला. मागण्या काय? रविवारची सुटी, दुपारी अर्धा तास विसावा, जखमी झाल्यास पगार. सुटी मिळण्यास १८९० साल उजाडले.

असा फरक का? मुंबईत जायबंदी माणसाच्या जागी दुसरा दारात उभाच असे. तुटलेल्या हाताचा खर्च गिरणीच्या वहीत पडत नसे, तो कोकणातल्या त्याच्या घरावर पडे. १९२३ च्या नुकसानभरपाईच्या कायद्याने तो काही अंशी मालकाच्या वहीत आणला.

आमच्या कन्नडसारख्या कापूस पिकविणाऱ्या मुलखाला याचे विशेष महत्त्व आहे. वर्षातून चार महिन्यांहून कमी चालणारे कारखाने १८८१ च्या कायद्याबाहेरच होते. म्हणजे हंगामी सरकीच्या जिना सुटल्या. शिवाय निजामाच्या राज्यात इंग्रजी मुलखाचा कायदा लागूच नव्हता.

तात्पर्य, सुरक्षितता नफ्याची वैरीण नव्हे. परंतु केवळ नफ्याच्या भरवशावर तिला सोडणेही शहाणपणाचे नव्हे. नफा मोजताना आपण कोणाची वही उघडतो, मालकाची की जखमी माणसाच्या घराची, हे प्रत्येकाने आधी पाहावे.