जनवाड्याहून बीदरच्या कॉलेजला: जाण्यायेण्याची सोय

दहावी-बारावीचे निकाल लागले की मंडळाच्या सभासदांकडून एकच विचारणा होते: पोराला, विशेषतः पोरीला, बीदरला रोज पाठवावं की वसतिगृहात ठेवावं? त्यासाठी ही माहिती एकत्र देत आहोत.

जनवाडा बीदर-औराद रस्त्यावर आहे. त्यामुळे आपल्या गावच्या गाडीसाठी अडून राहू नये. औरादकडून येणारी कोणतीही साधी बस चालते. कल्याण कर्नाटक परिवहनच्या गाड्यांवर पाटी कन्नडमध्ये असते. घरी मराठी आणि शाळाही मराठी, अशा मुलांची पहिल्या आठवड्यात इथंच गडबड होते. 'बीदर', 'औराद', 'भालकी' एवढी नावं तरी कन्नडमध्ये ओळखायला शिकवा.

११ जून २०२३ पासून शक्ती योजनेत कर्नाटकातल्या महिलांना राज्यातल्या साध्या बसमध्ये तिकीट लागत नाही. मात्र कर्नाटकचा पत्ता असलेलं ओळखपत्र जवळ हवं. उदगीर-देगलूरकडून मामाकडं शिकायला आलेल्या मुलीच्या आधारवर महाराष्ट्राचा पत्ता असेल, तर तिला ही सवलत मिळत नाही. तिकडं एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, पण ते महाराष्ट्राच्या हद्दीपुरतं. अशा मुलीनं विद्यार्थी पासाची चौकशी प्रवेश घेतानाच करावी. मुलांनाही पासच काढावा लागतो.

बीदर स्टँडवर उतरल्यावर कॉलेज कुठं आहे त्यावर पुढचं सगळं ठरतं. वैद्यकीय महाविद्यालय उदगीर रस्त्यावर, तर गुरुनानक देव इंजिनिअरिंग मैलूर रस्त्याला आहे. दोन्हीकडं शेअर ऑटोनं जाता येतं. नंदीनगरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय गावाबाहेर पडतं. तिथं रोज जाणं-येणं करण्यापेक्षा वसतिगृहच बरं, असं आम्हाला वाटतं.

खरी अडचण सकाळी येत नाही, संध्याकाळी येते. प्रॅक्टिकल लांबलं, बस हुकली, की टमटम किंवा जीप उरते, आणि ती भरल्याशिवाय हलत नाही. तेवढ्यावरून मुलीचं कॉलेज बंद करू नका. एकाच रस्त्यावरच्या दोन-तीन घरांनी मिळून मुलींना एकत्र यायला सांगावं, शेवटच्या गाडीची वेळ स्टँडवरच विचारून घ्यावी.

कलबुर्गीला शिकणाऱ्यांसाठी २९ ऑक्टोबर २०१७ ला बीदर-कलबुर्गी रेल्वे सुरू झाली, हुमनाबादमार्गे सुमारे ११० किलोमीटर. त्याआधी रेल्वेनं जायचं तर विकाराबादचा वळसा पडायचा. केंद्रीय विद्यापीठ मात्र कलबुर्गी शहरात नाही, आळंद रस्त्याला कडगंचीला आहे. स्टेशनवर उतरून पुन्हा बस धरावी लागते. भालकी, कमलनगर, उदगीर, लातूरकडं जायला बीदरहून जुनी रेल्वे आहेच. बीदरच्या विमानाचं म्हणाल, तर फेब्रुवारी २०२० पासून ते कधी चालू असतं, कधी बंद. त्याच्या भरवशावर परीक्षेची तारीख धरू नका.

पावसाळ्यात कौठ्याजवळ मांजरेला पूर आला, तर पलीकडून येणाऱ्या गाड्या उशिरा येतात. परीक्षेच्या दिवशी आधीची गाडी धरावी.