इंजिनाला झालेली शिक्षा

२४ डिसेंबर १८४१. नाताळच्या आदल्या दिवशी पहाटे लंडनहून निघालेली ग्रेट वेस्टर्न रेल्वेची मालगाडी रेडिंगजवळ, सॉनिंग येथे टेकडी कापून काढलेल्या मार्गावर, कोसळलेल्या दरडीवर आदळली. तिसऱ्या वर्गाचे प्रवासी इंजिन आणि मालवाघिणी यांच्यामधल्या उघड्या डब्यांत बसले होते. त्यांत ब्रिटिश संसदेची नवी इमारत बांधणारे पाथरवट अनेक. आठ जण जागीच ठार झाले, नववा पुढे दगावला.

तेव्हाच्या इंग्लिश कायद्यानुसार जखमी प्रवासी कंपनीवर दावा लावू शकत असे. मृताची विधवा मात्र नाही, कारण दाव्याचा हक्क माणसाबरोबरच संपे. उरे तो ‘डिओडंड’: मृत्यूस कारण ठरलेली वस्तू वा तिची किंमत देवाच्या नावे जप्त करण्याची मध्ययुगीन प्रथा. ज्युरीने इंजिन व डब्यांवर हजार पौंडांहून अधिक आकारणी केली. शिक्षा झाली ती इंजिनाला. वारसांना त्यातला छदामही मिळायचा नव्हता! पुढे ती आकारणीही रद्द झाली.

अखेर १८४६ मध्ये संसदेने डिओडंड मोडीत काढला आणि त्याच वर्षी मृताच्या कुटुंबासाठी नुकसानभरपाईचा दावा मान्य केला. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी धावली १८५३ मध्ये. हा हक्क हिंदुस्थानात पोहोचला १८५५ च्या तेराव्या अधिनियमाने, म्हणजे गाडीमागून दोन वर्षांनी.