स्कूलबोर्डांचीं दप्तरें

जुन्या दप्तरांचा शोध करणारे आपले संग्राहक इ. स. १८१८ या सालाशीं येऊन थबकतात. त्या सालापूर्वींचा कागद तो ऐतिहासिक आणि त्यानंतरचा तो कचेरीचा कागद, अशी एक समजूत आपणांत रुजली आहे. या समजुतीनें ज्या साधनांची विशेष हानि झाली, त्यांत गांवच्या शाळा व त्या चालविणारीं स्कूलबोर्डें यांचे कागद प्रमुख होत. शाळेस पैसा कोणीं द्यावा, तिजवर अधिकार कोणाचा असावा, आणि तिचें दार कोणास उघडें असावें, हे तीन प्रश्न या बोर्डांपुढें अखेरपर्यंत उभे होते. त्यांचा थोडक्यांत परामर्श घेऊन या कागदांची योग्यता दाखवावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

आरंभीं पंतोजींच्या शाळा होत्या. एल्फिन्स्टनच्या कारकीर्दींत १८२४ सालीं मुंबई सरकारनें देशी शाळांची चौकशी सुरू केली. १८२९ च्या तपशिलांत इलाख्यांतील १,७०५ शाळांची गणना आढळते. त्यांपैकीं बहुतेक गांवकीच्या आश्रयावर चालणाऱ्या होत्या. पंतोजीस वेतन पालक देत, म्हणून त्याजवर देखरेखहि पालकांचीच असे. पुढें १८४० सालीं बोर्ड ऑफ एज्युकेशन झालें आणि १८५५ सालीं त्याचे जागीं शिक्षणखात्याचा डायरेक्टर आला. त्याबरोबर शाळेची सूत्रें गांवाकडून खात्याकडे जाऊं लागलीं.

पैशाचा प्रश्न इ. स. १८६३ पासून निराळ्या स्वरूपांत उपस्थित झाला. त्या सुमारास जमीनमहसुलाच्या दर रुपयामागें एक आणा लोकलफंडाची पट्टी बसविण्यांत आली व तिचा एक तृतीयांश शाळांकडे लावून दिला. या पट्टीस कायद्याचा आधार १८६९ सालीं मिळाला. पट्टी भरणारा कुणबी खेड्यांतला. परंतु त्या पैशांतून शहरांतील शाळाहि चालत आणि शहरवासीयांवर तसा भार नसे. १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें दिलेल्या निवेदनांत जोतीराव फुले यांनीं रयतेच्या पैशाचा लाभ वरच्या वर्गांस होतो ही तक्रार मांडली, आणि निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचें करावें अशी मागणी केली. खेड्यांचा व शहरांचा शाळाफंड वेगळा ठेवावा, अशी शिफारस कमिशननेंहि केली. १८८४ च्या कायद्यांनीं लोकलबोर्डें व म्युनिसिपालिट्या यांची घडी बसली. तथापि शाळांवरील खरा अधिकार बराच काळ खात्याच्याच हातीं राहिला.

दाराचा प्रश्न याहून कठीण. १८५६ सालीं धारवाडच्या सरकारी शाळेंत प्रवेश मिळावा म्हणून एका महार मुलानें अर्ज केला. एका मुलासाठीं शाळा इतरांस निरुपयोगी होईल, असें कारण दाखवून मुंबई सरकारनें तो नाकारला. १८५८ सालीं कंपनीच्या डायरेक्टरांनीं सरकारी शाळा सर्व वर्गांस खुल्या असल्याचें ठरविलें. परंतु ठराव लंडनचा आणि ओसरी गांवची. मुलानें कोठें बसावें हें ओसरीवर ठरत असे. ऑगस्ट १९२३ मध्यें मुंबई कौन्सिलांत बोले यांचा ठराव संमत झाला. सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा यांबरोबर त्यांत शाळांचाहि उल्लेख होता. त्याची अंमलबजावणी मात्र स्थानिक संस्थांच्या इच्छेवर अवलंबून राहिली.

त्याच १९२३ सालीं रँ. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे शिक्षणमंत्री असतां प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला आणि शाळा स्थानिक संस्थांनीं निवडलेल्या स्कूलबोर्डांकडे आल्या. विठ्ठलभाई पटेल यांच्या १९१८ च्या कायद्यानें म्युनिसिपालिट्यांस सक्तीची मुभा आधींच मिळाली होती. नव्या कायद्यानें वाढीव खर्चाचा अर्धा भाग म्युनिसिपालिट्यांस व दोन तृतीयांश लोकलबोर्डांस सरकारनें द्यावयाचा होता. पुढें तंगीचे दिवस येतांच सक्तीच्या योजना मागें पडल्या. उत्तरदायित्व बोर्डावर आणि थैलीची दोरी सरकारच्या हातीं! संस्कृत शास्त्रकार ज्यास अर्धजरतीय न्याय म्हणतात, त्याचें याहून चांगलें उदाहरण मिळणें कठीण. अधिकार फार झपाट्यानें सोंपविला गेला, असें हारटॉग कमिटीनें १९२९ सालीं म्हटलें. १९३८ सालीं खेर मंत्रिमंडळानें कायदा दुरुस्त करून अधिकाराचा मोठा भाग परत घेतला. १९४७ चा कायदा त्याच वाटेनें गेला. १ मे १९६२ रोजीं जिल्हापरिषदा आल्या आणि महाराष्ट्रांतील जिल्हा स्कूलबोर्डें संपलीं.

बोर्डें गेलीं, परंतु त्यांचें दप्तर कोठें गेलें? दाखलखारिजाच्या नोंदवह्या, हजेरीपट, तपासनिसाचें शेरेबुक, सभांचीं कामकाजें, ही त्यांची सामग्री. त्यांतील पुष्कळ मजकूर मोडींत आहे, कारण मोडी ही शाळेंत शिकविली जाणारी चालू लिपि होती. हारटॉग कमिटीनें ज्या गळतीविषयीं खेद केला, ती गळती 'शाळा सोडण्याचें कारण' या एका रकान्यांत नांवनिशीवार सांपडते. अस्पृश्य मुलें किती आलीं व किती दिवस टिकलीं, हेंहि ठरावाच्या भाषेवरून कळत नाहीं, हजेरीपटावरून कळतें. कायदा म्हणजे हेतूचें साधन आणि नोंदवही म्हणजे फलाचें. दोन्ही ताडून पाहिल्यावांचून इतिहास होत नाहीं.

या कागदांचें मोल आज सामान्य जनांसहि कळून चुकलें आहे. २०२३ सालीं कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हां जुन्या शाळांच्या नोंदवह्या व मोडी दप्तरें सरकारी समितीस पाहावीं लागलीं. ज्यास आपण रद्दी म्हणत होतों, त्यावर कुटुंबेंच्या कुटुंबें आशा ठेवून बसलीं.

आमचें संग्राहक मित्रांस सांगणें एवढेंच कीं, शाळेच्या दप्तरांतून शिक्क्याचें सुंदर पान तेवढें काढून आणूं नये. एक पान बाहेर आलें कीं उरलेल्या वहीची साखळी तुटते आणि आणलेलें पानहि मुकें होतें. दप्तर जागच्या जागीं राहूं द्यावें. त्याची यादी मात्र करावी. गांव, शाळा, वहीचा प्रकार, पहिलें व शेवटचें साल, लिपि आणि स्थिति, एवढीं सहा कलमें पुरेशीं आहेत. जिवंत माणसांच्या नांवांच्या नोंदी छापण्याचें कारण नाहीं. ज्यांच्या संग्रहीं असे कागद आधींच आले असतील, त्यांनीं ते मूळ शाळेचें नांव घालून नोंदवावे. तालुक्या-तालुक्यानें अशा याद्या सिद्ध झाल्या, तर या तीन प्रश्नांचीं उत्तरें कायद्याच्या पुस्तकांऐवजीं शाळेच्या ओसरीवरून वाचतां येतील.