जास्वंदीची पाने पिवळी का पडतात?

गणपतीसाठी दारात जास्वंद हवी, ही हौस अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातही अनेकांना असते. मात्र कुंडीतील झाडाची कोवळी पाने पिवळी पडू लागतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. पाणी कमी पडले असे समजून ते वाढविले जाते आणि झाड अधिकच खंगते.

हे लक्षण लोहाच्या कमतरतेचे आहे. अकोले तालुक्याचा डोंगराळ भाग सोडला तर जिल्हा पर्जन्यछायेत येतो. येथील काळ्या जमिनीत बहुधा चुनखडी असते, कूपनलिकेचे पाणीही अनेक ठिकाणी जड. चुनखडीमुळे मातीत असलेले लोहही मुळांना घेता येत नाही. म्हणून कुंडीत निव्वळ काळी माती भरू नये. तांबडी माती, कुजलेले शेणखत आणि थोडी वाळू वापरावी. साठविलेले पावसाचे पाणी सर्वांत चांगले. लिटरभर पाण्यात दोन ग्रॅम हिराकस व लिंबाचे काही थेंब मिसळून सायंकाळी पानांवर फवारावे. चुनखडीच्या मातीत नुसता हिराकस टाकून फारसा लाभ होत नाही.

दुसरा शत्रू पिठ्या ढेकूण. त्याच्या गोड स्रावासाठी मुंग्या येतात, त्याला राखतातही. फांदीवर मुंग्यांची रांग दिसताच शेंडे तपासावेत. लिटरला पाच मिलिलिटर निंबोळी तेल, थोडे साबणाचे पाणी, एवढे पुरते.

फूल जेमतेम एक दिवस टिकते, पण ते नव्या फुटीवर येते. त्यामुळे छाटणीची भीती बाळगू नये. जूनमध्ये हलकी छाटणी करावी आणि कापलेल्या पेन्सिलीएवढ्या जाड फांद्या ओलसर मातीत खोचाव्यात.