अंथरुणातली ती काळजी सबब नव्हे

दिवा मालवला की दुसरी-तिसरीतलं मूल हळूच विचारतं, "आई, उद्या बाईंनी सातचा पाढा विचारला तर?" घरोघरी याचं उत्तर ठरलेलं असतं : आता त्याचा विचार करायचा नाही, गुपचूप झोप. या उत्तरामागे तीन समजुती आहेत. संध्याकाळभर पाढा आठवला नाही, नेमका आत्ताच आठवला, म्हणजे ही झोप टाळायची सबब. दाद दिली तर रोजची सवय लागेल. आणि अभ्यासाची थोडी धास्ती असलेली बरीच.

मुलं सबबी सांगतात, हे खरंच. पण सबब रोज बदलते : आज तहान, उद्या गोष्ट, परवा शू. काळजी मात्र फिरून त्याच विषयावर येते आणि पुष्कळदा सकाळी पोटदुखी होऊन उठते. ती रात्रीच का येते, याचं कारण साधं आहे. खेळ, टीव्ही, जेवण, भावंडांची भांडणं सगळं थांबल्यावर मन पहिल्यांदाच रिकामं होतं. घराच्या हप्त्याची चिंता बापाला रात्री अकरालाच गाठते. तिला कोणी सबब म्हणत नाही.

'विचार करू नकोस' हा उपाय तर उलटाच पडतो. डॅनियल वेग्नर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 1987 मध्ये विद्यार्थ्यांना पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार न करायला सांगितलं. अस्वल पुन्हापुन्हा मनात येत राहिलं, आणि मनाई उठल्यावर तर अधिकच आलं. मोठ्यांना जे जमलं नाही, ते सात वर्षांच्या मुलीने अंधारात एकटीने करायचं?

सवयीच्या आक्षेपात मात्र तथ्य आहे. "काही होत नाही, बाई नाही ओरडणार" हा दिलासा रोज मागितला जातो, कारण बाई काय करतील हे आईच्या हातात नाही आणि मुलीलाही ते कळतं. पण ऐकून घेणं म्हणजे केवळ दिलासा देणं नव्हे. झोपेचे अभ्यासक मायकेल स्कलिन यांनी 2018 मध्ये 57 तरुणांवर केलेल्या प्रयोगात झोपण्यापूर्वी पाच मिनिटं पुढची कामं लिहून काढणारे, झालेली कामं लिहिणाऱ्यांपेक्षा सुमारे नऊ मिनिटं लवकर झोपले. यादी जितकी तपशीलवार, तितकी झोप लवकर. हा प्रयोग मुलांवरचा नाही, तरी त्याची दिशा घेण्याजोगी आहे. "बेचाळीसच्या पुढे अडखळतेस ना? सकाळी वेणी घालताना तेवढंच दोनदा म्हणू," असं सांगून ते चिठ्ठीवर लिहून दप्तरात ठेवावं. दोन मिनिटांचं काम. उद्याचं काय करायचं ते ठरलं, की मनाला ते धरून बसावं लागत नाही.

धास्तीच्या बाजूने यर्क्स आणि डॉडसन या मानसशास्त्रज्ञांचा 1908 चा प्रयोग हटकून पुढे केला जातो. तो होता उंदरांवर, विजेचे झटके देऊन केलेला. त्यातला महत्त्वाचा भाग सांगायचा राहून जातो : काम जितकं अवघड, तितका सौम्य झटका शिकण्याला उपकारक ठरला, तीव्र झटक्याने शिकणं लांबलं. पाढा येणाऱ्या मुलाचं भीतीने एक वेळ बिघडणार नाही. जे अडखळतं आहे, त्याच्यासाठी तर तो पाढाच अवघड काम आहे, आणि रात्री घाबरतं तेच.

शिवाय या वयाला नऊ ते बारा तासांची झोप लागते. महाराष्ट्र शासनाने 2024-25 पासून चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असं ठरवलं, ते मुलांच्या अपुऱ्या झोपेचा विचार करूनच. दप्तराविषयीच्या 2020 च्या राष्ट्रीय धोरणात तर दुसरीपर्यंत गृहपाठच नको म्हटलं आहे. तेव्हा दुसरीतली मुलगी रोज रात्री गृहपाठाला घाबरत असेल, तर जाब मुलीला नव्हे, शाळेला विचारायला हवा. आणि भीती एकाच शिक्षकाभोवती फिरत असेल, तर पालकांनी शाळेत जाऊन बोलावं. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने छडीइतकाच मानसिक छळही निषिद्ध ठरवला आहे.